शालनच्या नोंदीतले तेवीस दिवस

आठ फेब्रुवारीला दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी माझ्या फोनवर निरोप आला. शालन म्हेत्रे, कंप मध्यम, नाडी बहात्तर, स्थिती ठीक. मी तो वाचला, कापसाची परडी बाजूला ठेवली आणि तिला जेवायला उठवायला आतल्या खोलीत गेलो. ती खाटेवर उजव्या कुशीवर होती. हाक मारली. मग हात लावला. हात गार होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, तास-सव्वा तास तरी झाला असेल.

फोनवरची नाडी माझी होती. अंगठी माझ्या बोटात होती.

ती माझ्या बोटात का होती, हे आता मला लिहून द्यायचं आहे.

मी विट्याला नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे माझं काम. मी निवृत्त झालो त्याच वर्षी शालनला पार्किन्सन आहे असं कळलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. पहिली सात वर्षं गोळ्यांवर गेली.

हा आजार काय आहे ते मला सांगलीच्या डॉक्टर मुजावरांनी समजावून सांगितलं होतं. मेंदूत डोपामीन नावाचं द्रव्य तयार होतं. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नीट पोचायला ते लागतं. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. म्हणून बाहेरून औषध द्यायचं, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. गोळीची अडचण अशी, की ती तासाभरात चढते आणि तीन तासांत उतरते. चढली की अंग नको तितकं वळवळतं. उतरली की माणूस उभ्या जागी थिजतो. गोळीबरोबर डाळ किंवा दूध पोटात गेलं, तर औषध आतड्यातच अडतं. शालन गोळी उतरली की मोरीच्या उंबऱ्यापाशी थांबायची. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी तिच्या पावलांपुढे काठी आडवी ठेवायचो. काठी ओलांडायची म्हटलं की तिचा पाय उचलायचा. नुसतं चाल म्हटलं तर नाही उचलायचा.

मी डॉक्टरांना म्हणालो होतो, "म्हणजे गोळी हा टँकर झाला. आला की तुंबतं, गेला की खडखडाट."

"तसंच समजा. आता आपण चोवीस तासांचा नळ देऊ," त्या म्हणाल्या.

तो नळ म्हणजे पंप. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पोटावर चिकटवायचा. त्याची बारीक नळी कातडीखाली जायची आणि औषध थेंब थेंब आत सोडत राहायची. किती सोडायचं ते पंप स्वतः ठरवायचा. त्यासाठी उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात एक अंगठी घालायची. पार्किन्सनचा हात रिकामा असताना सेकंदाला चार ते सहा वेळा कापतो. अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखं एकमेकांवर घासत राहतात. ती हालचाल अंगठीला कळायची. कंप वाढला म्हणजे औषध कमी पडतंय, असं धरून पंप औषध वाढवायचा. कंप थांबला की कमी करायचा. अंगठी नाडीही मोजायची. बोटात असताना नाडी थांबली तर फोन वाजवायची आणि रुग्णवाहिकेला कळवायची. शालनचं बोट बारीक झालं होतं, म्हणून तिने अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता.

सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकत्र व्हायच्या आणि त्यावरून सगळे पंप शिकायचे. शालन पहिल्या बारा जणांत होती.

पंप बसवला तेव्हा डॉक्टरांनी औषधाचे दुष्परिणाम एकेक करून वाचून दाखवले. उठताना रक्तदाब पडतो, चक्कर येते. नसलेली माणसं दिसतात. काही जण एकच काम विनाकारण पुन्हा पुन्हा करत बसतात, डबे उघडतात, लावतात, बटणं वेगळी करतात. "यातलं काहीही दिसलं तर मला सांगायचं. लाजायचं नाही," त्या म्हणाल्या. मी फॉर्मवर सही केली.

पंधरा दिवसांत शालन चालायला लागली. काठी आडवी ठेवायची गरज राहिली नाही. तोंडावरचा ताठपणा गेला, आवाज परत आला. तिचा आवाज पहिल्यापासून मोठा. पाणी आलं नाही की गल्लीतल्या बाया आमच्या दारात यायच्या, आणि मी मागच्या दारानं सटकलो की तीच त्यांच्याशी भांडायची. त्या आवाजाची मला सात वर्षं आठवण येत होती.

एक दिवस ती एकटी देवीच्या देवळाच्या अकरा पायऱ्या चढून आली. आल्यावर म्हणाली, "कापूस आणा."

"कशाला?"

"मी बोलले होते. माझ्या पायानं पायऱ्या चढले तर लाखाची वात वळीन म्हणून."

"लाख? अगं, हजारानं भागलं असतं की."

"देवीला काय तुमच्यासारखं अर्धा तास पाणी सोडून बंद करायचंय?"

मी कापूस आणला. ती फुलवाती वळायची. कापसाचा पुंजका घ्यायचा, तळाशी फुलासारखा पसरून ठेवायचा, दुधाचं बोट लावायचं आणि अंगठा आणि बोटात धरून शेंडा पिळायचा. झाली की परडीत. शंभराची एक पुडी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती पुड्यांच्या रेघा ओढायची. सुरुवातीला दिवसाला दोन पुड्या व्हायच्या. मग पाच. दिवाळीच्या सुमारास चौदा व्हायला लागल्या. सकाळी चहा प्यायच्या आधी बसायची. जेवायला चार वेळा बोलवावं लागायचं.

दर महिन्याला सांगलीला गेलो की डॉक्टर विचारायच्या, "एकच काम पुन्हा पुन्हा करत बसतात का?" मी म्हणायचो, नाही. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

मग बाया आल्या.

ती परडी घेऊन दाराशी बसली होती. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "अहो, अंगणात बाया उभ्या आहेत. सोडा की पाणी."

मी बाहेर पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं.

"कोण बाया?"

"मला काय नावं माहीत? घागरी घेऊन आल्यात. तिघीचौघी."

मला हसू आलं. म्हणालो, "त्यांना सांग, मी रिटायर झालो. नवीन माणसाकडे जा."

"मी नाही सांगायची. तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं मीच सांगतेय."

आठवड्याभरात त्या रोज यायला लागल्या. शालन त्यांना घाबरत नव्हती. त्यांच्याकडे बघून मान हलवायची, एखादीला बस म्हणायची. एकदा सहा कप चहा टाकला. मी तेव्हाही डॉक्टरांना कळवलं नाही. दोन दिवसांनी जायचंच आहे, तेव्हा सांगू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना पाणी द्यायला म्हणून तांब्या घेऊन झटकन उठली, चक्कर आली आणि ओट्यावरून खाली पडली. कपाळाला पाच टाके पडले.

सांगलीला डॉक्टर मुजावर फोनमधल्या नोंदी बघत होत्या. त्यांना काही जुळत नव्हतं. औषध कमाल मर्यादेला गेलेलं, आणि कंप तरीही तीव्र दिसतोय. "एवढ्या औषधावर हात कापायलाच नको," त्या म्हणाल्या. तेवढ्यात शालनने पिशवीतून कापूस काढला. तिला बसून राहवत नव्हतं. तिने वात वळायला घेतली आणि टेबलावरच्या पडद्यावर रेघ वर गेली.

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. मग तिच्या हाताकडे.

"काकू, जरा थांबता?"

शालन थांबली. रेघ खाली आली.

"आता वळा."

रेघ परत वर गेली.

"किती वळता रोज?"

"चौदा-पंधरा पुड्या होतात. एकसष्ट हजार झाल्या," शालन म्हणाली. तिला अभिमान होता.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "काका, मी तुम्हाला दर महिन्याला विचारत होते."

"बाई, तुम्ही रोगाचं विचारत होता. हे देवाचं आहे."

त्या म्हणाल्या, "अंगठी ज्यांनी बनवली त्यांनी वात बघितलेली नाही. मी बघितली आहे. आमच्या शेजारच्या काकू वळायच्या. तरी माझ्या डोक्यात आलं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वात वळताना अंगठा आणि बोट सेकंदाला चार-पाच वेळा एकमेकांवर फिरतात. पार्किन्सनचा कंपही तसाच आणि तेवढाच. अंगठीला दोन्ही सारखेच. तिने वात वळली की पंपाला वाटायचं, हात कापतोय, औषध वाढवा. औषध वाढलं की एकच काम करत राहण्याची ओढ वाढायची. ती जास्त वाती वळायची. मग आणखी औषध. असं पाच महिने चाललं होतं. आरंभ नवसाचा होता. पुढे किती नवस आणि किती औषध, ते आता कुणाला वेगळं करता येणार नव्हतं.

त्यांनी मर्यादा खाली आणली. शालनला अंगठी घालून दोनशे वाती वळायला लावल्या आणि तिच्या हाताची ती हालचाल कंप नाही, असं अंगठीला शिकवलं. पंधरा दिवसांत बाया गेल्या. चक्कर थांबली.

शालनही थांबली. पूर्वीइतकी वाईट नाही, पण आवाज बसला. चेहरा पुन्हा कोरा झाला. विचारलेल्याचं उत्तर द्यायला तिला एवढा वेळ लागायचा, की मी काय विचारलं ते मीच विसरायचो. कापूस हातात धरून ठेवायची, पण दिवसाला पन्नास वातीसुद्धा होत नव्हत्या. डॉक्टर म्हणाल्या, यापेक्षा जास्त दिलं तर भास परत येतील, तिचा मेंदू आता तेवढं झेलत नाही. निवड अशीच आहे. मी म्हणालो, कळलं.

आमचं घर तीन खोल्यांचं. मुलगी तृप्ती नाशिकला असते. डिसेंबरचा सगळा महिना आम्ही दोघं समोरासमोर बसून काढला. मी टीव्ही लावायचो आणि बंद करायचो. पूर्वी मी कामावर असायचो, ती बोलत असायची, मी ऐकत नसायचो. आता ऐकायला बसलो होतो. एकदा दुपारी बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाया येत नाहीत आता."

"बरं झालं की."

ती पुढे बोलायला वेळ लागला. "कुणीच येत नाही."

सतरा जानेवारीला सकाळी मी तिचे हात धुतले. अंगठी काढली आणि हरवू नये म्हणून माझ्या करंगळीत घातली. ती म्हणाली, "वाती राहिल्यात. तुम्ही वळा." मी बाहेरच्या खोलीत परडी घेऊन बसलो. मला नीट जमत नव्हतं. माझी बोटं व्हॉल्व्हची लोखंडी चावी फिरवून जाड झालेली. तास-दीड तास बसलो असेन. आतून आवाज आला.

"अहो, चहा ठेवू का?"

सात वर्षांपूर्वीचा आवाज. मी उठून आत गेलो तर ती गॅसपाशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्या करंगळीकडे.

अंगठीला तिचा हात शिकवला होता. माझा नव्हता. माझ्या बोटांना ती कंप समजत होती.

पहिल्या दिवशी ते चुकून झालं. दुसऱ्या दिवशी नाही. मी हिशेब असा केला, की डॉक्टरांनी लावलेली मर्यादा आहेच, तिच्या वर पंप जाणार नाही. मधल्या मधे मी सांभाळीन. सकाळी एक तास, चार वाजता अर्धा तास. मी एकतीस वर्षं अर्ध्या गावाला पाणी मापात दिलं होतं. वरच्या आळीला जास्त सोडलं की खालच्या आळीत पाइप फुटतो, हे मला हाताला कळायचं. मला वाटलं, हेही जमेल. का केलं तेही लिहितो. तिच्यासाठी केलं असं मी लोकांना सांगू शकतो, पण मला बोलायला माणूस पाहिजे होतं.

शालनला आठवडाभरात कळलं. आम्ही जेवत होतो.

"अंगठी तुमच्या बोटात असते," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून मी बरी असते."

"हो."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग असू दे."

"बाया परत येतील."

"आल्यात की. कालपासून दोघी आहेत. बसल्यात गप. आपलं काय घेतात?"

मी हात थांबवला. ती म्हणाली, "जेवा. त्यांना भूक नाही."

त्या दिवशी आम्ही ठरवून टाकलं. दोन बायांपर्यंत चालेल. तीन झाल्या की मी कापूस खाली ठेवायचा. चार झाल्या तर दिवसभर हात लावायचा नाही. फोनवरच्या आकड्यांपेक्षा हे माप मला जास्त खात्रीचं वाटलं. मी मधून मधून विचारायचो, "किती?" ती दाराकडे बघून सांगायची. कधी म्हणायची, "दीड. एक जायला निघालीय."

सव्वीस जानेवारीला तृप्ती आली. आदल्या दिवशी शालन मला म्हणाली, "उद्या जरा जास्त वळा."

"ठरलंय ना आपलं?"

"पोरगी वर्षानं येतेय. तिला काय खांबाकडं बघायला लावू? तिसरी आली तर मी तिच्याकडं बघणार नाही. मग तर झालं?"

शालनने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. पुरण तृप्तीने वाटलं, लाटल्या मात्र शालनने. दोघी दुपारभर बोलत होत्या. मधेच शालनची नजर दाराकडे जायची आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. निघताना तृप्ती मला म्हणाली, "आप्पा, आईला बघून फार बरं वाटलं. तुम्ही फोनवर उगाच घाबरवता मला." तिने आईचा पोळ्या लाटतानाचा व्हिडिओ डॉक्टर मुजावरांनाही पाठवला आणि खाली आभार लिहिले.

एक फेब्रुवारीपासून चार दिवस आम्ही एकत्र बसलो. मधे परडी, एका बाजूला ती, एका बाजूला मी. ती म्हणाली, "तुमच्या वाती बघवत नाहीत. देवी परत पाठवेल." मग तिने मला शिकवलं. शेंडा पिळताना बोट मागे नाही, पुढे न्यायचं. दूध कमी लावायचं. अंगठी आमच्यात फिरायला लागली. अंगठी माझ्या बोटात असली की औषध वाढायचं. तिच्या बोटात असली की पंपाला कळायचं, ही वात आहे, मग औषध उतरायचं. दोन बाया झाल्या की ती हात पुढे करायची, "द्या इकडं." एक उरली की अंगठी काढून माझ्या हातात ठेवायची. पाच पाच मिनिटांनी सुद्धा बदलायचो. ती मला माझ्या आईच्या, तिच्या माहेरच्या, गल्लीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगत होती. पुष्कळ मला माहीतच नव्हत्या. मी कामावर असताना तिने एका नगरसेवकाला घागर दाखवून हाकललं होतं, हे मला त्या चार दिवसांत कळलं.

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होता."

पाच तारखेला उठताना तिला चक्कर आली. सहा तारखेला परत. बसूनच राहावंसं वाटतंय, म्हणाली. फॉर्मवर पहिला दुष्परिणाम तोच लिहिलेला होता. डॉक्टरांना फोन करायला हवा होता. फोन केला असता तर त्यांनी नोंदी बघितल्या असत्या, प्रश्न विचारले असते, अंगठी कुणाच्या बोटात आहे ते निघालं असतं आणि त्यांनी पुन्हा डिसेंबर आणला असता. मी फोन केला नाही. वाती निम्म्या केल्या आणि तिला मीठ घालून ताक दिलं.

आठ तारखेला सकाळी अकराला ती म्हणाली, "मी जरा पडते. तुम्ही तेवढी पुडी पुरी करा." मी बाहेरच्या खोलीत बसलो. माझा हात आता चांगला बसला होता. फोनवर निरोप येईपर्यंत वळत होतो. पुढचं वर लिहिलं आहे.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी डॉक्टर मुजावरांचा फोन आला. आधी त्या शालनबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "काका, एक सांगायचं होतं. काकूंच्या शेवटच्या तीन आठवड्यांच्या नोंदी फार चांगल्या आहेत. हालचाल चांगली, नाडी चांगली, तृप्तीचा व्हिडिओही मी दाखवला सगळ्यांना. औषध वाढूनही भास झाल्याचं तुम्ही काही कळवलं नाहीत. त्यावरून बाकीच्या अकरा जणांची मर्यादा आम्ही वाढवतोय. काकूंचा त्यांना उपयोग होईल."

मी विचारलं, "कधी वाढवणार?"

"सोमवारी."

त्या अकरा जणांतले दोन मला माहीत होते. सांगलीच्या बाकावर शेजारी बसायचे. एक तासगावचे शिक्षक. दुसरी कवठ्याची बाई, तिचा मुलगा तिला उचलून आणायचा. मी फोन ठेवला. बॅग भरली नाही, डबाही घेतला नाही. पहिल्या एसटीने सांगलीला गेलो.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी आधी फोन उचलला आणि कुणाला तरी सांगितलं की सोमवारचं थांबवा, अकराही जणांचं. मग खुर्चीवर बसल्या.

मी विचारलं, "ती माझ्यामुळे गेली का?"

"सांगता येत नाही. काकूंचा रक्तदाब मुळात कमी होता. औषध जास्त झालं म्हणून आणखी पडला असेल. एरवीही पडला असता, असंही असेल."

"अंगठी तिच्या बोटात असती तर?"

"तर फोन वाजला असता. रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली असती. पुढचं मी सांगू शकत नाही, काका."

मला त्यांचा राग आला नाही. खोटं बोलल्या असत्या तर आला असता.

दोन दिवसांनी त्यांनी परत बोलावलं आणि कामाचं सांगितलं. नोंदी पुसून टाकता येत नाहीत, कारण पंप त्यातून आधीच थोडं शिकला आहे. कुठला तास तिच्या हाताचा आणि कुठला माझ्या हाताचा, हे वेगळं केलं तर माझ्या हाताचं शिकलेलं काढून टाकता येईल आणि तिचं खरं तेवढं ठेवता येईल. त्यांच्या इंजिनिअरने प्रयत्न केला होता. पहिल्या दिवसांचा माझा हात ओबडधोबड आहे, तो ओळखू येतो. पुढचा येत नाही. नाडीवरून काही तास कळतात, पण दोरा असूनही अंगठी सैल असल्यामुळे पुष्कळ वेळा नाडी लागलेलीच नाही, आणि लागली तिथे पाव तासाची सरासरी आहे. "म्हणून तुम्हीच लिहून द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "जसं घडलं तसं लिहा, आणि हे तक्ते भरा. ते होईपर्यंत अकरा जणांचे पंप जुन्या मर्यादेवर राहतील. त्यांना त्रास होतोय. पण चुकीच्या आकड्यावर मी पुढे जाणार नाही."

तक्ते म्हणजे तेवीस कागद आहेत. एका दिवसाचा एक. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंतचे तास, आणि प्रत्येक तासापुढे दोन रकाने. पत्नीचा हात, पतीचा हात. हे मला येतं. मी जन्मभर असंच रजिस्टर लिहिलं. कॅलेंडरवरच्या तिच्या रेघा, दूधवाल्याची वेळ, टीव्हीवर काय लागलं होतं, तृप्तीचे फोन, यावरून मी एकेक तास काढला. स्वयंपाकघरात बसून एकोणीस कागद भरले. आठ तारखेचाही भरला. अकरा ते एक वीस, पतीचा हात.

तृप्ती रोज सकाळी फोन करते. काल म्हणाली, "आप्पा, एवढंच समाधान आहे, की आई शेवटी शेवटी चांगली होती." मी हो म्हणालो. तिला यातलं काही माहीत नाही. हे लिहिलेलं तिच्या हातात द्यायचं आहे, फोनवर सांगायचं नाही, म्हणून ती येईपर्यंत थांबलो आहे. ती पाडव्याला येईल.

डॉक्टरांचा दोनदा निरोप आला. कागद पाठवा म्हणून. तासगावच्या शिक्षकांचं बोलणं परत बंद झालंय, असंही त्यात होतं.

एक ते चार फेब्रुवारी, हे चार कागद कोरे आहेत. त्या दिवसांत अंगठी कधी तिच्या बोटात होती आणि कधी माझ्या, हे मला सांगता येत नाही. अंदाजाने लिहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. चार दिवस भरायचे राहिले आहेत.